लकव्याच्या पेशंटला दवाखान्यातून घरी आणताना: सुट्टीच्या आधीपासून पहिल्या महिन्यापर्यंत

ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली, गिळणंही बंद झालं. नागपूरच्या एका दवाखान्यात १९ दिवस काढले. विसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, "आज सुट्टी होते, बिलाचं बघून घ्या" एवढंच सांगितलं गेलं. कागद हाती यायला संध्याकाळचे सात वाजले. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेबारा. मामाजींच्या नाकात नळी, लघवीला नळी, आणि माझ्या हातातल्या पिशवीत तेरा प्रकारची औषधं. गावातलं मेडिकल बंद, दुसऱ्या दिवशी रविवार. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला विचारलं, "आता काय करायचं व सूनबाई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातल्या मावशी असे आठ-दहा जण जे काम वाटून करत होते, ते सगळं घराच्या उंबरठ्यावर एकदम आपल्या अंगावर येतं. ते काम दवाखान्यात असतानाच शिकून घ्यायचं असतं, हे मला उशिरा कळलं. पेशंट नागपूरच्या मेडिकलमधून (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून) येवो, सेवाग्रामहून येवो की यवतमाळहून, तुम्हाला आमच्यासारखी ती पहिली रात्र काढावी लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

१. सुट्टीचा दिवस आधी ठरवून घ्या

डॉक्टर राउंडला आले की रोज एकच प्रश्न विचारा: "अंदाजे कधी सुट्टी होईल?" दोन दिवस आधी कळलं तरी घर लावता येतं. शनिवारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी निघावं लागत असेल, तर एक रात्र थांबता येईल का ते स्पष्ट विचारा. सोमवार ते गुरुवार सकाळी निघालं की दिवसाउजेडी घरी पोचता येतं, मेडिकल उघडं असतं, आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटतात.

एक सापळा इथेच सांगते. पैसे संपले की आपली माणसं "आम्ही घेऊन जातो" म्हणतात आणि पुढे आलेल्या कागदावर सही करतात. त्याला डामा म्हणतात. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नसताना आपण आपल्या जबाबदारीवर पेशंट नेतो आहोत, असं लिहून देणं. पैशांची अडचण असेल तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाला, गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात त्यांचं टेबल असतं. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. आयुष्मान भारतच्या पॅकेजात सुट्टीनंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा औषध-तपासणीचा खर्च धरलेला असतो. आम्ही विचारलंच नाही, म्हणून त्या दिवसांची औषधं विकत घेत बसलो.

२. निघण्याआधी हे कागद मोजून घ्या

- डिस्चार्ज कार्ड, सही-शिक्क्यासह. त्याच्या दोन झेरॉक्स तिथेच काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या.
- सीटी स्कॅन किंवा एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट. फिल्म घडी घालू नका.
- शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, इको.
- औषधांची चिठ्ठी वेगळी. डिस्चार्ज कार्डात असली तरी वेगळी मागा.
- सगळी बिलं आणि पावत्या.
- पुन्हा दाखवायची तारीख, त्या डॉक्टरांच्या ओपीडीचे वार, आणि अडचण आली तर फोन करायचा वॉर्डाचा नंबर.
- नळ्या कोणत्या तारखेला टाकल्या आणि कधी बदलायच्या. हे बहुतेक वेळा कार्डावर नसतं, सिस्टरकडून लिहून घ्या. लघवीची साधी रबरी नळी लवकर बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त दिवस चालते. आपली कोणती आहे ते विचारा.

आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड भरतीच्या वेळी काउंटरवर दिलेलं असतं. तेही आठवणीने परत घ्या.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. काउंटरवरच्या माणसाला ते समजावून सांगायला वेळ नसतो, म्हणून वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांना दुपारी, गर्दी ओसरल्यावर गाठा. औषधांपुढच्या खुणा अशा वाचायच्या: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

३. बघून शिकू नका, करून शिका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. मी १९ दिवस सिस्टरना नळीतून दूध देताना पाहिलं होतं. मला वाटलं, येतं आपल्याला. घरी पहिल्यांदा सिरिंज हातात धरली तेव्हा हात थरथरत होता, आणि दूध खाली जात नाही म्हणून मी दट्ट्याने जोर लावला. मामाजींना उमासा आला.

सुट्टीच्या दोन दिवस आधी सिस्टरना सांगा, "आता मी करते, तुम्ही उभं राहून बघा." प्रत्येक काम तीनदा करा. घरात रात्री जागणारं दुसरं माणूस असेल तर त्यालाही करायला लावा.

नाकातल्या नळीतून जेवण देताना: आधी पेशंटला पाठीला आधार देऊन बसतं करा. नळी नाकपुडीशी जिथे येते तिथे पेनने खूण करून ठेवा. दर वेळी ती खूण बघायची. खूण बाहेर सरकलेली दिसली, पेशंट खोकायला लागला किंवा धाप लागली, तर एक थेंबही द्यायचा नाही. नळी आपल्या हाताने आत ढकलायची नाही, कारण ती अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवा, सिरिंज वर धरा, जेवण आपोआप उतरू द्या. एका वेळी साधारण २०० ते २५० मिली, कोमट, गाळलेलं. वरणाचं पाणी, तांदळाची पेज, दूध, ताक, जे आहारतज्ज्ञांनी सांगितलं असेल ते. नंतर ५० मिली साधं पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. त्यानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

लघवीची पिशवी: कायम कंबरेच्या खाली, पण जमिनीला न टेकलेली. खाटेच्या माच्याला बांधा. उचलताना कधीही पेशंटच्या अंगावर ठेवू नका, लघवी उलटी आत जाते आणि ताप येतो. पिशवी गच्च भरू देऊ नका. हात आधी आणि नंतर साबणाने धुवा.

कूस बदलणं आणि उठवणं: लुळ्या हाताला धरून कधीच ओढू नका. खांद्याचा सांधा निसटतो आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. आमच्याकडे अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरवताना मदतीला धावलेल्या पोरांनी नेमका तोच हात धरला. पाठ आणि ढुंगण यांखाली चादर घालून चादरीसकट उचलायचं.

४. पेशंट यायच्या आधी घर लावा

सुट्टीच्या आदल्या दिवशी घरचं एक माणूस पुढे पाठवा. खोली अशी निवडा जिथे उजेड आणि वारा आहे, न्हाणी जवळ आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ नाही. आमच्या इकडे पेशंटला ओसरीवर ठेवायची पद्धत आहे, म्हणजे सगळ्यांना भेटता येतं. पहिले पंधरा दिवस तरी तसं करू नका.

नवारीची किंवा सुतळीची खाट झोळ पडते, तिच्यावर कूस बदलता येत नाही. लाकडी पलंग किंवा तख्तपोस बरा. डोक्याकडून वर होणारा दवाखान्याचा पलंग तालुक्याला भाड्याने मिळतो. तो परवडला नाही तर लाकडी खुर्ची उलटी करून डोक्याकडे ठेवा आणि तिच्या तिरप्या पाठीवर उश्या लावा. छान टेका मिळतो, आम्ही महिनाभर तसंच केलं.

आणायच्या वस्तू: हवेची गादी, रबरी चादर, ५० मिलीची जेवणाची सिरिंज, जास्तीची लघवीची पिशवी, हातमोजे, डायपर, शौचाचं भांडं, थर्मामीटर, हातावर बांधायचं बीपीचं मशीन, साखर असेल तर ग्लुकोमीटर. डायपर आणि हातमोजे तालुक्याच्या ठोक दुकानातून घ्या, गावच्या मेडिकलपेक्षा बराच फरक पडतो.

हवेच्या गादीला मोटर असते. लाइट गेली की गादी बसते आणि पेशंट थेट फळीवर येतो. तिच्याखाली कापसाची जाड गादी असू द्या, आणि हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका.

इन्सुलिन चालू असेल आणि घरी फ्रिज नसेल, तर न उघडलेली बाटली गावातल्या फ्रिजवाल्या घरी ठेवा. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात नको. चालू बाटली पाणी शिरणार नाही अशा डब्यात घालून माठात ठेवता येते. आपल्या इकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात उघड्यावर ठेवलेलं इन्सुलिन काम करत नाही.

५. रस्त्यात

१०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स तातडीने दवाखान्यात नेण्यासाठी आहे, घरी सोडण्यासाठी नाही. १०२ बाळंतीण आणि बाळासाठी आहे. आपल्याला खासगी गाडीच लागते. गेटवरच्या पहिल्याच गाडीवाल्याला होकार देऊ नका. दोघा-तिघांना विचारा, टोल आणि परतीचं डिझेल धरून भाडं ठरवा. निघण्याच्या तासभर आधी नळीतून जेवण थांबवा, पिशवी रिकामी करा, डायपर बदला. डोक्याकडची बाजू उंच ठेवा. दर दोन तासांनी गाडी थांबवून कूस बदला. उन्हाळ्यात पहाटे निघा.

६. गोळ्यांचा हिशेब

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मामाजींना आधीपासून बीपी होतं, आरोग्य केंद्रातून अ‍ॅम्लोडिपिन मिळायची. नागपूरहून आलेल्या गोळ्यांत वेगळ्याच नावाची, वेगळ्या रंगाची एक गोळी होती, तिच्यातही अ‍ॅम्लोडिपिन होतं. आत्याबाई जुनी गोळी सवयीने देत राहिल्या, मी नवी देत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी मामाजी डोळे उघडेनात, कपाळ गार आणि ओलं. उपकेंद्रातल्या सिस्टर धावत आल्या. बीपी ८४/५०. त्यांनी दोन्ही पाकिटं शेजारी-शेजारी धरली, मोठ्या नावाखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि मला वाचायला लावलं.

म्हणून घरी आल्या-आल्या हे करा. घरातल्या जुन्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत बांधून वेगळ्या ठेवा. दुसऱ्या दिवशी ती पिशवी, नवी औषधं आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांकडून एकच यादी करून घ्या: काय चालू, काय बंद. प्रत्येक पाकिटावरचं बारीक अक्षरांतलं नाव वाचा. कंपनीचं नाव वेगळं असलं तरी औषध तेच असू शकतं. जनऔषधी केंद्रातून स्वस्त घ्यायचं असेल तेव्हाही तेच नाव आणि तेवढेच मिलिग्रॅम जुळवा.

आत्याबाईंना वाचता येत नाही. मी तीन डबे केले आणि त्यांवर सूर्य, भाकर आणि चंद्र काढले. गोळ्या पाकिटातून काढल्या नाहीत, पाकिटाचा तुकडा कापून तसाच डब्यात ठेवला. त्यानंतर चूक झाली नाही.

नळीतून द्यायच्या गोळ्या कुटून पाण्यात विरघळवाव्या लागतात, पण काही गोळ्या कुटायच्या नसतात. कोणत्या, ते निघतानाच विचारा. रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. दुसरा झटका यायला तेवढं पुरतं.

७. रोजचा क्रम

दारामागे खडूने तक्ता काढा: ६ उजवी, ८ उताणं, १० डावी, असं दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. कुशीवर असताना दोन गुडघ्यांत उशी, आणि उताणं असताना पोटऱ्यांखाली घडी घालून टाच अधांतरी. रोज आंघोळ घालताना माकडहाड, टाचा, खुबे आणि खांदे बघा. लाल झालेली जागा दाबल्यावर पांढरी होत नसेल तर जखम सुरू झाली आहे. तिथे चोळू नका, स्पिरिट लावू नका, पावडर भरू नका. त्या अंगावर झोपवणं बंद करा आणि सिस्टरला दाखवा. मधोमध भोक असलेली रबरी कडी लोक आणायला सांगतात, ती वापरू नका. तिच्या काठाने रक्तपुरवठा आणखी अडतो.

लुळ्या बाजूला गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक देऊ नका. तिथे चटका कळत नाही, कातडी भाजते. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण सांधे हलवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवले तसे रोज करा. हात-पाय परत येण्याची सगळ्यात जास्त आशा पहिल्या तीन-सहा महिन्यांत असते. पारव्याचं रक्त चोळा, अमक्या गावचा पाला बांधा, असं सांगायला खूप जण येतील. प्रेमानेच सांगतात. ऐकून घ्या, पण त्यापायी गोळ्या आणि व्यायाम थांबवू नका.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र कडक ठेवा. पाचव्या दिवशी लांबच्या नात्यातल्या एक काकू आल्या. मी न्हाणीत कपडे धूत होते. "घ्या न जी भाऊजी, घोटभर चहानं काय होते," म्हणत त्यांनी बशी ओठांना लावली. मी खोकल्याच्या आवाजाने धावले. चेहरा काळानिळा झाला होता. दोन दिवसांनी छातीत कफ, ताप, आणि पुन्हा चार दिवस तालुक्याच्या दवाखान्यात. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा नाही. दारावर मोठ्या अक्षरांत लिहा: तोंडाने काहीही देऊ नये. आणि माणूस जवळ बसवा, कारण पाटी सगळे वाचत नाहीत.

८. या खुणा दिसल्या की थांबू नका, १०८ लावा

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, दुसराही हात-पाय ढिला पडणं, एकाएकी तोल जाणं किंवा दिसेनासं होणं. ती वेळ घड्याळात बघून लिहा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. सीटी स्कॅन असलेला जवळचा दवाखाना कोणता, ते आजच विचारून ठेवा.

याशिवाय: हाक मारून न उठणं, धाप लागणं, फिट येणं, काळी शौच किंवा रक्त पडणं. नळीत सहा तास लघवी न येणं, ताप, एक पोटरी सुजून दुखणं, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टर. "सकाळी बघू" म्हणू नका.

९. गावातली मदत आपणच बोलवायची

बाळंतिणीकडे आशाताई ठरलेल्या दिवशी येते: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. लकव्याच्या पेशंटसाठी असा ठरलेला फेरा नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांत आशाताई आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना घरी बोलवा, कार्डाची झेरॉक्स द्या. बीपी-साखर बघणं आणि त्यांच्या गोळ्या तिथे मोफत होतात. ई-संजीवनीवरून (सरकारची व्हिडिओवरून सल्ला देणारी सेवा) तज्ज्ञांशी बोलणंही तिथून होतं, नागपूरची एखादी खेप वाचते.

आणि घरातल्या बाईची झोप. वेचणीच्या दिवसांत सगळे वावरात आणि पेशंटपाशी एकटी सून, असं घरोघरी असतं. मी आठव्या दिवशी चूल पेटवता पेटवता बसल्या जागी झोपले. त्यानंतर घरात बसून ठरवलं: रात्री दोनपर्यंत मी, दोन ते सहा माझा नवरा, दुपारी दोन तास आत्याबाई. हे पहिल्याच दिवशी ठरवा.

१०. थोडं पुढचं

सही करणारा हात गेला असेल तर बँकेचं काम अडतं. लवकर जाऊन अंगठ्याची नोंद करा. साधारण सहा महिन्यांनंतरही अपंगत्व राहिलं तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. प्रमाणपत्रासाठी सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड लागू शकतं, म्हणून ते जपून ठेवा.

११. एक वही

शाळेची शंभर पानी वही पुरते. रोज एक पान: बीपी सकाळ-संध्याकाळ, ताप, किती वेळा जेवण दिलं, लघवी किती, शौच झाली का, कोणती गोळी चुकली, काय नवीन दिसलं. मागच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सुचतील तसे. पुन्हा दाखवायला जाताना कागदांच्या पिशवीत सगळ्यात वर ही वही ठेवा.

मामाजींना दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आधी वहीच उघडली. तापाची पानं थांबून वाचली, चहाची हकिकत विचारली. मग मामाजींना ताठ बसवून चमच्याने दोन घोट पाणी दिलं आणि गळ्यावर बोटं ठेवून बघत राहिले. खोकला आला नाही. नळी त्याच दिवशी निघाली. घरी आल्यावर आत्याबाईंनी मऊ भात कुस्करून, घट्ट वरण घालून, चमच्याने भरवला. ताठ बसवून, हळूहळू, डाव्या बाजूने.